सांगितलं तेच केलं, हा बचाव नव्हे

आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. तीसेक वर्षं त्यांनी सर्व्हर सांभाळले आणि त्या काळात आपल्या हातून एक फाईलही गेली नाही, असं ते सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे. परवा त्यांच्याकडे चहा पिताना बॅकअपचा विषय निघाला. बॅकअपची टूल्स वगळलेल्या फोल्डरांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, ही माझी कुरकुर. त्यांनी बशी बाजूला सारली. "अरे, तू वगळ म्हणालास, त्यानं वगळलं. सांगितलं तेच केलं. आता त्याच्या नावानं खडे कशाला फोडतोस? मॅन्युअल वाचायचं होतंस."

घरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, पण ते चहाच्या दोन घोटांत मावणारं नाही. शिवाय हे मत त्यांचं एकट्याचं नाही, या धंद्यातले बहुतेक जाणते असंच बोलतात. म्हणून जाहीर उत्तर.

आधी माझी फजिती. एका दिवाळी अंकाच्या कचेरीतले संगणक मी हौसेनं बघतो. चार मशिनं, कपाटात एक जुना सर्व्हर आणि रोज रात्री अकराला आरसिंक या टूलनं दुसऱ्या डिस्कवर नक्कल. काय वगळायचं याची यादी मी कधीतरी कुठूनशी उचलली होती: कॅश, ट्रॅश, टेम्प, थंबनेल, अशा पंधरा-वीस ओळी. अशी यादी सहसा कुणी स्वतः लिहीत नाही, विरजणासारखी ती या घरातून त्या घरात जाते. सप्टेंबरअखेर सर्व्हरची डिस्क गेली. मी दोन तासांत सगळं परत आणलं आणि मान ताठ करून घरी गेलो. सकाळी कचेरीतल्या ऑपरेटरताईंचा फोन. "सर, अंक आलाय, पण पानं नाहीत."

लेखकांचा मजकूर होता, जाहिराती होत्या, मुखपृष्ठ होतं. प्रूफं होऊन परत आलेली, दुरुस्त्या चढवलेली 112 पानं मात्र नव्हती. ती पानं ताई 'टेम्प' नावाच्या फोल्डरात ठेवायच्या. का, तर "छपाईला जाईपर्यंत ती तात्पुरतीच ना?" या तर्कात मला आजही खोट काढता येत नाही. संगणकाच्या लेखी तात्पुरतं म्हणजे कचरा, त्यांच्या लेखी तात्पुरतं म्हणजे ज्यावर सध्या जीव ओतणं चाललंय ते. माझ्या यादीतल्या त्या ओळीत नावाआधी तिरकी रेघ नव्हती. अशी ओळ आरसिंक कुठल्याही खोलीवर, त्या नावाच्या कुठल्याही वस्तूला लावतं. मी लॉग उघडला. चाळीस रात्री, ओळीनं, बिनचूक यशस्वी.

माझा सगळा वाद त्या 'यशस्वी'शी आहे.

बॅकअपच्या कामात इतर ज्या चुका होतात त्या कुठे ना कुठे आवाज करतात. डिस्क भरली, टूल ओरडतं. परवानगी नाही, ओरडतं. काम संपल्यावर प्रत्येक प्रोग्राम एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक. नक्कल चालू असताना मधल्यामध्ये एखादी फाईल नाहीशी झाली तर आरसिंक 24 हा आकडा देतं. एखादी फाईल वाचता आली नाही तर रेस्टिक हे दुसरं टूल 3 देतं, म्हणजे बॅकअप झाला खरा, पण अपुरा. इतकी काटेकोर ही मंडळी! आणि एका नावाच्या जुळणीवर अख्खा फोल्डर बाजूला पडला की आकडा शून्य. वाचता न आलेली एक फाईल म्हणजे अपुरेपण. न वाचलेल्या चाळीस हजार म्हणजे पूर्णत्व. वगळण्यातली चूक ही यशाचा पोशाख घालून येते. स्नेह्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून विचारतो, जिला तोंडच दिलेलं नाही अशी चूक माणसानं कशी ओळखायची?

31 जानेवारी 2017 ची गिटलॅबची गोष्ट अनेकांना आठवत असेल. चुकून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली आणि बॅकअप शोधायला गेल्यावर ते कित्येक दिवस होतच नव्हते असं उघड झालं. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, त्याची प्रत काढणारा प्रोग्राम 9.2 चा, त्यामुळे तो दर वेळी कोसळत होता. कोसळल्याचे ईमेल निघत होते, पण वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीनं हे सगळं स्वतःच जाहीर केलं, हा मोठेपणा. पण बघा, तिथे निदान ईमेल निघत तरी होते. निरोप्या वाटेत पडला, पण निरोप होता. वगळण्याच्या बाबतीत निरोपच लिहिला जात नाही.

आता "तू सांगितलंस" या वाक्याकडे येऊ. कोणी सांगितलं?

मॅकवरचं टाइम मशीन घ्या. एखादी फाईल बॅकअपमधून वगळायची खूण तिथे त्या फाईललाच चिकटवता येते, आणि ती चिकटवायला मालकच लागतो असं नाही. कुठलंही ॲप आपल्या फायलींवर ती लावू शकतं. फाईल हलवली की खूण बरोबर जाते. फाईलची प्रत काढली तर प्रतीलाही ती असते. सेटिंगच्या खिडकीत जी वगळण्याची यादी दिसते, त्यात मात्र ती दिसत नाही. शोधायची तर टर्मिनल उघडून विचारावं लागतं. विंडोजमध्ये रजिस्ट्रीत एक जागा आहे, तिचं नावच 'फाइल्स नॉट टू बॅकअप'. तिथे प्रोग्राम आपापल्या नोंदी करतात आणि बॅकअपवाल्यांनी त्या पाळाव्यात अशी अपेक्षा असते. घरात ती जागा कुणी उघडून पाहिलीय? आरसिंकमध्ये सीव्हीएसच्या धर्तीवर वगळण्याचा एकाक्षरी पर्याय आहे. तो दिला की शेवटी 'डॉट ओल्ड', 'डॉट बॅक' असलेल्या सगळ्या फायली जातात, 'कोअर' आणि 'टॅग्स' नावाच्या वस्तूही जातात. प्रोग्रामरच्या जगात हा कचराच. पण जुना भाडेकरार जपायचा म्हणून त्याच्या नावापुढे 'ओल्ड' लावणारा माणूस काय करतो? नेमकं उलटं. एका अक्षरात त्यानं इतकं सगळं 'सांगितलं' असं म्हणायचं असेल, तर कर्जाच्या अर्जावरची बारीक अक्षरंही आपणच लिहिलेली असतात.

मॅन्युअलचा मुद्दा. ते वाचावं, कबूल. पण कुठलं? तिरक्या रेघेनं सुरू होणारा नियम आरसिंकमध्ये डिस्कच्या मुळाशी बांधलेला नसतो, ज्या फोल्डरापासून नक्कल सुरू झाली त्याच्या मुळाशी असतो. त्यामुळे पूर्ण पत्ता लिहिणाऱ्याचा नियम बहुधा कशालाच लागत नाही, आणि लागला नाही हेही कुणी सांगत नाही. आरसिंकमध्ये एक तारा रेघ ओलांडत नाही, दोन तारे ओलांडतात. ग्नू टारमध्ये वगळण्याच्या नियमातला एकच तारा रेघ ओलांडून जातो. वरचा फोल्डर वगळला आणि आतली एक फाईल हवी म्हटलं, तर आरसिंक आत डोकावतच नाही, मग अपवाद कितीही नीट लिहा. प्रत्येक गावची बोली वेगळी असावी याला माझी ना नाही. पण ऐकणाऱ्यानं आपल्याला काय कळलं ते परत म्हणून दाखवू नये, आणि गैरसमजाचं माप मात्र बोलणाऱ्याच्या पदरात घालावं, ही कुठल्या गावची रीतभात?

आणि मराठीत नावं ठेवणाऱ्यांसाठी तर आणखी एक मेख आहे, जी मी पाहिलेल्या एकाही मॅन्युअलच्या वगळण्याच्या प्रकरणात नव्हती. त्या कचेरीत एक फोल्डर आहे: 'दुसऱ्या प्रूफची पानं'. यातला 'ऱ्या' बघा. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, ते टाइप करून पुढे हलन्त आणि 'या' दिला की 'ऱ्या' उमटतो. दुसऱ्या एखाद्या कळफलकावर साधा 'र', हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि 'या' दिला की 'र्‍या' उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावं. एवढ्यानं भागत नाही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर तो 'ऱ' साठवताना फोडला जातो, 'र' वेगळा आणि खालचा नुक्ता वेगळा. म्हणजे तिसरं नाव. नियम लिहिणारा एका मशिनवर बसलेला, फोल्डर बनवणारी दुसऱ्या मशिनवर. 'बाकी सगळं वगळ, पण दुसऱ्या प्रूफची पानं ठेव' असा नियम केलात तर 'बाकी सगळं' जातंच आणि ती पानंही जातात, कारण बाइट जुळले नाहीत. पडद्यावर नियम आणि फोल्डर शेजारी शेजारी ठेवून तासभर बघितलं तरी फरक दिसायचा नाही. सांगा, यात मी काय वाचायचं होतं?

इथे स्नेही म्हणतील, आणि म्हणालेच होते, की मग काही वगळूच नये का? डिस्का काय झाडाला लागतात?

वगळावं, वगळावंच लागतं. लिनक्सवरचा 'प्रॉक' फोल्डर म्हणजे खऱ्या फायली नव्हेत, कर्नलनं मांडलेला देखावा आहे. त्यातली 'केकोर' ही एक फाईल 64 बिटांच्या नेहमीच्या मशिनवर आपला आकार 128 टीबी सांगते. तिची नक्कल करायला बसलेला माणूस मी पाहिलाय, तो मीच. ब्राउझरची कॅश, प्रोग्राम बांधताना तयार होणारा मधला माल, हे सगळं पुन्हा तयार होतं, ते साठवणं म्हणजे फोलपटं कणगीत भरणं. आणि हे वगळणं शहाणपणानं करता येतं याचे दाखलेही आहेत. ब्रायन फोर्ड यांनी 2004 मध्ये एक साधा संकेत सुचवला: जो प्रोग्राम कॅशचा फोल्डर बनवतो त्यानंच आत 'कॅशडिर डॉट टॅग' नावाची छोटी फाईल ठेवावी. नुसतं नाव पुरत नाही, त्या फाईलची सुरुवात ठरलेल्या 43 बाइटांनीच व्हायला हवी, म्हणजे योगायोगानं कुणी तसं नाव ठेवलं तर घात होऊ नये. टार, बोर्ग, रेस्टिक ही तिन्ही टूल्स ही खूण ओळखतात, पण तुम्ही वेगळा पर्याय दिलात तरच. इथे नावाच्या सुतावरून स्वर्ग गाठलेला नाही, ज्यानं माल बनवला त्यानंच 'हा फेकता येईल' अशी चिठ्ठी आत ठेवली आहे.

त्याहून जुना दाखला मला जास्त आवडतो. बीएसडीच्या 'डम्प' या बॅकअप टूलमध्ये 'नोडम्प' अशी खूण फाईलवर लावता येते, की हिला बॅकअपमध्ये घेऊ नको. डम्पच्या पातळ्या 0 ते 9. शून्य म्हणजे संपूर्ण, पुढच्या म्हणजे आधीच्या नंतर बदललेलं तेवढं. आणि आपण काही सांगितलं नाही तर ही खूण पाळायची ती पातळी 1 पासून. संपूर्ण बॅकअपात खूण लावलेली फाईलसुद्धा येते! रोजच्या घाईत वगळ, पण महिन्यातून एकदा का होईना, सगळं उचल. टेपचा एकेक इंच मोजून वापरायच्या काळातल्या लोकांनी हे ठरवलं. आज टीबीच्या डिस्का किराणा दुकानाच्या पिशवीत घालून आणणारे आपण, आणि आपली टूल्स वगळण्याची खूण जन्मभर पाळतात.

वगळण्याचा खरा डाव पुढे उलगडतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. समजा, एखाद्या वकिलाच्या कचेरीत मार्चमध्ये ठरलं की 'स्कॅन' फोल्डर फार फुगलाय, रोजच्या नकलेतून वगळा. आरसिंक चालतंय पुसण्याच्या पर्यायासह, म्हणजे मूळ जागी जे नाही ते नकलेतूनही जातं. पण वगळलेल्या वस्तूला हा पुसण्याचा नियम लागत नाही. त्यामुळे नकलेतला 'स्कॅन' मार्चच्या अवस्थेत गोठतो. ऑक्टोबरात डिस्क जाते, नक्कल परत आणली जाते, 'स्कॅन' फोल्डर जागच्या जागी, भरलेला. वरवर चाचणी घेतली तरी पास. सात महिन्यांचे कागद नाहीत हे ज्या दिवशी कोर्टात एक कागद लागेल त्या दिवशी कळणार. बरं, वगळलेलंही पूस असा वेगळा पर्याय आहे, तो दिला तर त्याच रात्री नकलेतली जुनी प्रतही साफ. एक पर्याय खोटं बोलतो, दुसरा पुरावा जाळतो, आणि दोघंही शून्य आकडा देऊन घरी जातात.

रेस्टिक किंवा बोर्गसारखी टूल्स दर वेळी वेगळी प्रत ठेवतात, तिथे हे टळतं असं वाटेल. टळत नाही, पुढे ढकललं जातं. मार्चआधीच्या प्रतींत 'स्कॅन' आहे, नंतरच्यांत नाही. पण जुन्या प्रती कायम कोण ठेवतं? 'मागचे सहा महिने ठेव, बाकी काढ' असा नियम असतोच. मग सप्टेंबरच्या आसपास कधीतरी, कुणी काही न करता, शेवटची प्रत आपल्या क्रमानं निघून जाते. छाटणी करणाऱ्या टूलला हे माहीत नसतं की या प्रतीत असं काही आहे जे पुढच्या एकाही प्रतीत नाही. त्यानं विचारलेलंच नसतं.

असाच एक प्रकार 'एकाच फाईल सिस्टीमवर राहा' या पर्यायाचा. 'प्रॉक'सारखा देखावा टाळायला तो छान. पण होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही टळतं, आणि आरसिंक त्या जागी एक रिकामा फोल्डर करून ठेवतं. बीटीआरएफएसवर तर सबव्हॉल्यूमसुद्धा वेगळं उपकरण म्हणून दिसतं. ओपनसुझेसारख्या वितरणात ती आपोआप बरीच बनलेली असतात. परत आणताना होम दिसतं. दार उघडलं की आत कुणी नाही.

शेवटचा आक्षेप स्नेह्यांचा सगळ्यात वजनदार. "वगळलेलं सगळं छापत बसलं तर रोज पन्नास हजार ओळी येतील. कोण वाचणार? आणि वगळण्याचा फायदाच हा की टूल त्या फोल्डरात शिरत नाही. मोजायला आत शिरावं लागलं तर वेळ वाचला कुठे?" मुद्दा बरोबर, निष्कर्ष नाही. जनगणनेचा कर्मचारी कुलूप दिसलं तर आतली माणसं मोजत नाही. पण 'घर बंद' असं लिहितो. ते घर गल्लीतच नाही असं दाखवत नाही. फोल्डराच्या दारात टूल पोचलेलंच असतं, नाव वाचलेलं असतं, कुठल्या नियमानं परत फिरायचं तेही त्याला ठाऊक असतं. दार मोजायला दारातून आत जावं लागत नाही. बोर्गला यादी मागितली तर ते वगळलेल्या वस्तूपुढे 'एक्स' लिहून दाखवतं. आरसिंकला बडबडीचा पर्याय दोनदा दिला तर ते अमुक फोल्डर अमुक नियमामुळे लपवतोय असं नियमासकट सांगतं. म्हणजे माहिती आहे, यंत्रणा आहे. फक्त दोनदा विचारल्याशिवाय सांगायचं नाही अशी सरकारी खिडकीची वृत्ती आहे. मला फायलींची यादी नको. नियमागणिक एक ओळ हवी: या नियमानं आज किती दारं बंद झाली, त्यातली कालपेक्षा नवी कुठली, आणि कुठला नियम कशालाच लागला नाही. ही ओळ न मागता छापावी, आणि बॅकअपच्या आतही लिहून ठेवावी. बोर्ग प्रत्येक प्रतीबरोबर ती ज्या आज्ञेनं काढली ती आज्ञा जपून ठेवतं, हे चांगलंच. पण नियम वेगळ्या फाईलमध्ये लिहिलेले असतील तर आज्ञेत त्या फाईलचं फक्त नाव उरतं. पाच वर्षांनी प्रत उघडणाऱ्याला 'ते नव्हतंच' आणि 'ते घेतलंच नाही' यातला फरक कळायला हवा. आज कळत नाही.

आता त्या 112 पानांचं काय झालं ते. कागदावरची प्रूफं टेबलाखालच्या खोक्यात होती, त्यावरून ताईंनी आणि आणखी एका ऑपरेटरनं नऊ दिवसांत ती पुन्हा लावली. अंक वसुबारसेला आला, उशिरा, पण आला. मी 'टेम्प'ची ओळ सिस्टीमच्या टेम्पपुरती बांधून टाकली आणि एक बारकी स्क्रिप्ट लिहिली. ती रात्रीच्या नकलेनंतर आणखी तीन मिनिटं खाते आणि वगळण्याच्या प्रत्येक नियमापुढे आकार मांडून पाच-सहा ओळी कचेरीच्या ग्रुपवर टाकते. स्नेह्यांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "आठवड्यात सगळे म्यूट करतील बघ."

गेल्या महिन्यात सकाळी साडेदहाला ताईंचा फोन आला. "सर, ते डाउनलोड्सपुढे काल दोनशे एमबी होतं, आज सहा जीबी दाखवतंय. नवीन मुलगा लेखकांचे फोटो तिथेच ठेवतोय बहुतेक. मी हलवू का?"